‘मार्ककृत’ म्हणजे काय? : एका शुभवर्तमानाचे नाव आणि शेवट

१

नव्या करारातील दुसऱ्या ग्रंथाला मराठी बायबलमध्ये ‘मार्ककृत शुभवर्तमान’ असे शीर्षक रूढ झाले आहे. ‘कृत’ या पदाशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. कर्त्याच्या नावापुढे ते आले, की ग्रंथ एका व्यक्तीची निर्मिती ठरतो आणि त्याच्या रचनेचे व प्रामाण्याचे उत्तरदायित्व त्या व्यक्तीकडे जाते. मूळ ग्रीक शीर्षकात मात्र असे पद नाही. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या प्रसिद्ध पोथ्यांत या ग्रंथाचे शीर्षक ‘कता मार्कॉन’ एवढेच आहे; त्याचा अर्थ ‘मार्कानुसार’ असा होतो. ‘कृत’ने निर्मितीचा निर्देश होतो, ‘कता’ने कथनाच्या एका परंपरेचा. शुभवर्तमान एकच आहे आणि ते येथे मार्कला अनुसरून सांगितले आहे, एवढाच त्या शीर्षकाचा दावा आहे. शिवाय ते शीर्षकही संहितेचा भाग नव्हे. संहितेत लेखकाने आपले नाव, गाव किंवा प्रयोजन कोठेही नोंदवलेले नाही.

या ग्रंथाविषयीचा दुसरा मोठा वाद त्याच्या शेवटाचा आहे. वर उल्लेखिलेल्या दोन्ही पोथ्यांत कथन १६:८ या वचनाशी थांबते. रिकाम्या थडग्यापासून तीन स्त्रिया थरथरत पळ काढतात आणि भयापोटी कोणाला काहीही सांगत नाहीत. उत्थित येशूचे दर्शन कोणालाही घडत नाही. पुढील बहुसंख्य पोथ्यांत मात्र यानंतर आणखी बारा वचने येतात. त्यांत दर्शने, आज्ञा आणि स्वर्गारोहण असे सर्व काही आहे.

कर्तृत्वाचा प्रश्न इतिहासकाराकडे आणि शेवटाचा प्रश्न पाठचिकित्सकाकडे सोपवण्याची प्रथा असल्यामुळे या दोन प्रश्नांचा विचार सामान्यतः वेगवेगळा होतो. वस्तुतः नाव देणे आणि शेवट जोडणे ही एकाच वाचनव्यवहाराची दोन अंगे आहेत. संहितेने आरंभी आणि अखेरीस जे मोकळे ठेवले, ते प्रारंभीच्या ख्रिस्ती वाचकांनी भरून काढले. ही भर समजून घेतल्याशिवाय या ग्रंथाच्या प्रयोजनाविषयी काही निश्चयाने बोलणे अवघड आहे.

२

मार्कच्या कर्तृत्वाविषयीचा सर्वांत जुना उपलब्ध उल्लेख हिएरापोलिसचा बिशप पापिअस याचा आहे. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने लिहिलेला पाच भागांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. युसेबिअसने चौथ्या शतकातील आपल्या चर्चच्या इतिहासात त्याचे उतारे दिले म्हणून तो उल्लेख टिकला. पापिअसही स्वतःच्या माहितीवर विसंबत नाही. एका ‘ज्येष्ठा’चे सांगणे म्हणून तो ते देतो. म्हणजे ज्येष्ठ, पापिअस आणि युसेबिअस अशा तीन हातांतून आलेली ही साक्ष आहे. तिचा आशय असा : मार्क हा पेत्राचा दुभाषी होता, त्याने प्रभूला स्वतः ऐकले नव्हते, पेत्र प्रसंगाच्या गरजेप्रमाणे जे शिकवी, त्यातले जेवढे आठवले तेवढे त्याने अचूकपणे, परंतु क्रमवार नव्हे, लिहून काढले.

या साक्षीचा सूर बचावाचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ग्रंथात क्रम नाही असा आक्षेप कोणीतरी घेतला असावा आणि त्याला उत्तर देताना मार्कचे नाव पुढे केले जात आहे. उत्तराची रीतही लक्षणीय आहे. मार्कची बाजू घेताना त्याची रचनाशक्ती नाकारली जाते आणि त्याची स्मरणनिष्ठा गौरवली जाते. पापिअसचा मार्क लेखनिक आहे; लेखक नव्हे. प्रामाण्य पेत्राचे, शब्द पेत्राचे आणि हात तेवढा मार्कचा. ‘कता’ या अव्ययाशी ही कल्पना सुसंगत आहे, ‘कृत’शी नाही.

एकदा नाव रुजल्यावर त्याभोवती चरित्र जमू लागते. इरेनिअस सुमारे इ.स. १८० मध्ये सांगतो, की पेत्र व पौल यांच्या निर्गमनानंतर मार्कने पेत्राचा उपदेश लिहून दिला. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणतो, की पेत्र हयात असतानाच रोममधील श्रोत्यांच्या आग्रहावरून हा ग्रंथ लिहिला गेला. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे कठीण आहे. प्रेषितांच्या कृत्यांमधील योहान मार्क आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस ‘पुत्र’ म्हणून उल्लेखिलेला मार्क एकच, आणि तोच या ग्रंथाचा कर्ता, हे समीकरणही असेच दृढ झाले. वस्तुतः मार्कुस हे रोमन जगातील अत्यंत प्रचलित नाव होते. नावाच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद मात्र आहे. मनाचाच कर्ता कल्पायचा, तर बारा शिष्यांपैकी एखाद्याचे नाव निवडले गेले असते. मार्कसारखे दुय्यम नाव कोणी का निवडावे? मार्टिन हेंगेल यांनी १९८०च्या दशकात याच्याशी आणखी एक मुद्दा जोडला. मंडळ्यांमध्ये एकाहून अधिक शुभवर्तमाने वाचली जाऊ लागताच त्यांना वेगवेगळी नावे देणे अपरिहार्य झाले असणार. त्यामुळे ही शीर्षके फार उशिराची नव्हेत. हा युक्तिवाद मान्य केला, तरी शीर्षक ही वाचकांच्या व्यवहारातून निर्माण झालेली गरज होती, हेच त्यातून सिद्ध होते.

अनामिकता हा या संहितेतील उणेपणा मानण्याचे कारण नाही. हिरोडोटस आणि थ्युसिडिडीस हे ग्रीक इतिहासकार आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात स्वतःचे नाव सांगतात. उलट शमुवेल, राजे यांसारखे हिब्रू पवित्रशास्त्रातील कथनग्रंथ निनावी आहेत. तेथे निवेदक कथेआड राहतो, कारण कथेचे प्रामाण्य त्याच्यावर अवलंबून नसते. रिचर्ड बरिज यांनी १९९२ मध्ये शुभवर्तमानांची तुलना ग्रीक-रोमन चरित्रांशी केली, आणि त्या तुलनेला व्यापक मान्यता मिळाली. परंतु निवेदकाच्या या आत्मविलोपनाच्या बाबतीत मार्कचे नाते हिब्रू परंपरेशी अधिक जवळचे आहे.

३

नाव बाजूला ठेवले, तर ग्रंथाच्या उगमाविषयी संहिता स्वतः काय सांगते? ‘तलिथा कूम’, ‘एफ्फाथा’, ‘अब्बा’ अशा अरामी शब्दांचे अर्थ निवेदक उलगडून देतो. यहुदी लोकांची हात धुण्याची रीतही तो सातव्या अध्यायात समजावून सांगतो. म्हणजे अपेक्षित वाचकांपैकी अनेकजण यहुदी प्रथांना आणि अरामी भाषेला परके होते. शताधिपतीसाठी मत्तय व लूक ग्रीक शब्द वापरतात, मार्क मात्र ‘केंतुरिओन’ हा लॅटिन शब्द तसाच घेतो. विधवेने टाकलेल्या दोन नाण्यांचे मोलही तो ‘क्वाद्रान्स’ या रोमन नाण्यात सांगतो. रोमच्या बाजूने हा पुरावा दिला जातो. परंतु सैन्य, कर आणि चलन यांच्या मागोमाग लॅटिन शब्द साम्राज्यात सर्वत्र पोहोचले होते. त्यामुळे जोएल मार्कस यांच्यासारखे अभ्यासक सीरिया-पॅलेस्टाईनच्या परिसराकडे आणि इ.स. ६६ ते ७० मधील यहुदी युद्धाकडे निर्देश करतात. तेराव्या अध्यायात मंदिराच्या विध्वंसाचे भाकीत आहे, आणि तेथेच निवेदक अचानक कथेबाहेर येऊन वाचकाने समजून घ्यावे असे सुचवतो. लेखनकाळ इ.स. ७०च्या आगेमागे मानला जातो, तो मुख्यतः या अध्यायाच्या आधारे.

भूगोलाची साक्ष वेगळीच आहे. सातव्या अध्यायात येशू सोरहून सीदोनमार्गे गालील समुद्राकडे येतो. हा मार्ग आधी उलट दिशेला उत्तरेकडे नेणारा आहे. पाचव्या अध्यायातील डुकरांचा कळप जेथे समुद्रात उडी घेतो, तो गेरसेकरांचा प्रदेश म्हटला आहे. गेरसा नगर तर सरोवरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर. यरुशलेमच्या रहिवाशाला, म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांमधील योहान मार्कला, एवढे अज्ञान शोभेल काय, असा प्रश्न येथे निर्माण होतो. नकाशा नसलेल्या काळात एका यरुशलेमकराला उत्तरेचा भूगोल अचूक माहीत असलाच पाहिजे, असेही नाही. थोडक्यात, उगमाविषयीचा प्रत्येक पुरावा दुहेरी आहे.

एका पुराव्याचे मोल मात्र निराळे आहे. क्रूस वाहण्यास भाग पाडलेला शिमोन कुरेनेकर हा ‘आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप’ होता, असे मार्क सांगतो. कथेत या मुलांना काहीही काम नाही; मत्तय आणि लूक यांनी तो तपशील गाळला आहे. पहिल्या वाचकांना हे दोघे परिचित होते, एवढाच त्याचा अर्थ संभवतो. ग्रंथाचा कर्ता स्वतःचे नाव सांगत नाही, परंतु श्रोत्यांच्या ओळखीतील दोन नावे सांगतो. हा ग्रंथ एका विशिष्ट मंडळीच्या आठवणीशी जोडलेला होता, याची ही लहानशी पण विश्वसनीय खूण आहे.

आधुनिक चिकित्सेने पापिअसचा निवाडा कसा उलटवला, हेही येथे पाहणे आवश्यक आहे. ऑगस्टीनपासून मार्क हा मत्तयाचा संक्षेपकर्ता समजला जात असे. एकोणिसाव्या शतकात लाखमान आणि होल्ट्समान यांच्या अभ्यासातून तो सर्वांत जुना शुभवर्तमानकार ठरला आणि त्यामुळे येशूच्या चरित्राचे विश्वसनीय साधनही मानला गेला. १९०१ मध्ये विल्यम व्रेडे यांनी हा विश्वास हादरवला. येशू आपली ओळख गुप्त ठेवण्यास वारंवार बजावतो, हे सूत्र ऐतिहासिक नसून श्रद्धेतून उद्भवलेले आहे, असे त्यांनी दाखवले. १९१९ मध्ये कार्ल लुटविग श्मिट यांनी सुट्या प्रसंगांना जोडणारी कालस्थलाची चौकट ही नंतरची रचना असल्याचे प्रतिपादन केले. बुल्टमान यांच्या रूपचिकित्सेत मार्क पुन्हा संकलक ठरला. १९५६ मध्ये विली मार्क्सेन यांनी त्याला धर्मशास्त्रीय दृष्टी असलेला संपादक-लेखक म्हणून परत उभे केले. ऱ्होड्स आणि मिची यांच्या १९८२ मधील अभ्यासापासून निवेदक, कथानक आणि पात्र या संज्ञांनी त्याचे वाचन होऊ लागले.

या वाचनांतून पापिअसने नाकारलेला ‘क्रम’ प्रकट झाला. याईराच्या मुलीच्या कथेत रक्तस्रावी स्त्रीची कथा, वाळलेल्या अंजिराच्या कथेत मंदिरशुद्धीची कथा, महायाजकासमोरील चौकशीभोवती पेत्राच्या नकाराची कथा अशी एका प्रसंगात दुसरा बसवण्याची त्याची पद्धत योगायोगाची नव्हे. म्हणजे परंपरेने नाव दिले, पण त्या नावाला रचनेचे श्रेय दिले नाही; आधुनिक समीक्षेने रचनेचे श्रेय दिले, पण ते कोणाच्या नावे मांडावे हे तिला सांगता आले नाही.

४

शेवटाचा इतिहासही असाच आहे. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाचा ग्रीक पाठ ‘गार’ या अव्ययाने संपतो. ‘कारण’ या अर्थाचे हे अव्यय वाक्यात दुसऱ्या स्थानी येते. येथे वाक्यच दोन शब्दांचे असल्याने ते अखेरीस आले आहे. असा शेवट व्याकरणदृष्ट्या शक्य असला, तरी ग्रंथसमाप्ती म्हणून तो विलक्षण आहे. तो वाचकांना खटकला, याचे पुरावे हस्तलिखितांतच आहेत. कोडेक्स बॉबिएन्सिस या लॅटिन पोथीत एक छोटा शेवट जोडलेला आहे. त्यात स्त्रिया पेत्राच्या सोबत्यांना सर्व काही कळवतात. त्यासाठी त्याच पोथीत आठव्या वचनातील त्यांच्या मौनाचा निर्देश वगळावा लागला आहे. शेवट जोडण्यासाठी संहितेतील एक वाक्य पुसावे लागले, यातच या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होते.

बारा वचनांचा दीर्घ शेवट अधिक कुशल आहे. परंतु तो बाहेरून आल्याच्या खुणा लपत नाहीत. नुकत्याच थडग्याशी दिसलेल्या मग्दालीया मरीयेचा तेथे नव्याने परिचय करून दिला जातो. गावाकडे चाललेल्या दोघांना झालेले दर्शन लूकच्या कथेची आठवण देते. शब्दसंपदा बदलते. स्त्रियांच्या भयाचे आणि मौनाचे काय झाले, हे मात्र सांगितले जात नाही.

या ठिकाणी साक्षीदारांची नावे पुन्हा तपासण्यासारखी आहेत. मार्क हा पेत्राचा दुभाषी असे सांगणारा इरेनिअस त्याच ग्रंथाच्या त्याच तिसऱ्या भागात दीर्घ शेवटातील वचन मार्कचे म्हणून देतो. पापिअसची साक्ष जतन करणारा युसेबिअस दुसरीकडे नोंदवतो, की अचूक प्रतींमध्ये मार्क स्त्रियांच्या भयाशी संपतो. मार्कचे लहानसे चरित्र लिहिणारा जेरोम हेदिबिया या स्त्रीला लिहिलेल्या पत्रात सांगतो, की बहुतेक सर्व ग्रीक प्रतींत हा शेवट नाही; तरीही त्याच्या लॅटिन भाषांतराच्या परंपरेत तो शेवट टिकला. नाव आणि शेवट या दोन्ही प्रश्नांच्या सीमेवर हीच तीन माणसे उभी आहेत. याहून बोलका पुरावा दहाव्या शतकातील एका आर्मेनियन हस्तलिखितात आहे. १८९१ मध्ये कॉनिबिअर यांच्या दृष्टीस पडलेल्या त्या पोथीत दीर्घ शेवटाच्या आरंभी ‘ज्येष्ठ अरिस्तोन याचा’ अशी नोंद आहे. पापिअसने उल्लेखिलेला अरिस्तिओन तो हाच, असा तर्क काही अभ्यासकांनी केला. जोडलेल्या शेवटालासुद्धा कर्ता हवा होता! निनावी ग्रंथाला जसे नाव मिळाले, तसेच त्याच्या निनावी पुरवणीलाही मिळाले.

मिशेल फूको यांनी लेखक या संकल्पनेची चिकित्सा करताना १९६९ मध्ये जेरोमच्या निकषांचा आधार घेतला होता, ही बाब या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. एखादा ग्रंथ अमुक लेखकाचा आहे की नाही, हे ठरवताना मूल्य, विचार, शैली आणि काळ यांची एकात्मता तपासण्याची रीत त्यांनी जेरोमपर्यंत मागे नेली. लेखकाचे नाव हे अर्थाच्या अनिर्बंध विस्ताराला आवर घालण्याचे साधन असते, हे त्यांचे प्रतिपादन मार्कच्या बाबतीत अक्षरशः पटते. पेत्राचा दुभाषी हे नाव लागताच संहितेतील खडबडीतपणा, सुमारे चाळीस वेळा येणारे ‘लगेच’, तुटक वाक्ये, वर्तमानकाळातील क्रियापदे हे सर्व मौखिक आठवणीचे लक्षण ठरते. आणि शेवटाची त्रुटी ही पान हरवल्याची किंवा लेखन अर्धवट राहिल्याची खूण ठरते.

येथे सावधगिरीही आवश्यक आहे. फ्रँक करमोड यांनी १९७९ मध्ये मार्कच्या गूढतेचे जे मर्मग्राही विवेचन केले, त्यानंतर आठव्या वचनाचा शेवट हा जाणीवपूर्वक योजलेला खुला शेवट मानण्याकडे कल वाढला. आधुनिक कादंबरीवर पोसलेल्या अभिरुचीला असा शेवट आवडणे स्वाभाविक आहे. पण आवडणे हा पुरावा नव्हे. क्लेटन क्रॉय यांनी २००३ मध्ये मूळ शेवट पोथी फाटल्यामुळे नष्ट झाला असे प्रतिपादन केले, आणि ती शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही. तथापि हस्तलिखितांच्या साहाय्याने जिथवर मागे जाता येते, तिथे संहिता आठव्या वचनाशी थांबते. समीक्षेला अर्थ लावायचा आहे तो या संहितेचा. हरवलेल्या पानाचा नव्हे.

आणि या संहितेत तो शेवट सुटा पडत नाही. पहिल्या अध्यायात कुष्ठरोग्याला गप्प राहण्यास बजावले जाते आणि तो सर्वत्र बोभाटा करतो. शेवटी स्त्रियांना बोलण्यास सांगितले जाते आणि त्या गप्प राहतात. मौनाच्या आज्ञेचा भंग आणि बोलण्याच्या आज्ञेचा भंग ही दोन टोके ग्रंथभर ताणलेल्या एकाच सूत्राची आहेत. ग्रंथाचे पहिले पदही ‘आर्खे’, म्हणजे आरंभ, हे आहे. ते केवळ योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या प्रसंगाला लावावे की संपूर्ण ग्रंथाला, हा जुना वाद आहे. संपूर्ण ग्रंथाला लावले, तर येथे जे सांगितले तो शुभवर्तमानाचा केवळ आरंभ होता आणि पुढचे कथन ग्रंथाबाहेर घडायचे होते, असा अर्थ निघतो.

५

हे ठरवणे केवळ पांडित्याचा खेळ नव्हे, हे पेत्राच्या नकाराच्या प्रसंगावरून दिसते. आउएरबाख यांनी १९४६ मध्ये ‘मिमेसिस’मध्ये याच प्रसंगाकडे लक्ष वेधले होते, सामान्य कोळ्याच्या मनातील एवढी खोल उलथापालथ गंभीर शैलीत मांडणे अभिजात साहित्याच्या शैलीविषयक संकेतांत बसणारे नव्हते. मार्कने हा प्रसंग दोन पातळ्यांवर रचला आहे. आत येशू महायाजकासमोर आपली ओळख कबूल करतो. बाहेर अंगणात पेत्र एका दासीसमोर ती ओळख नाकारतो.

या प्रसंगाचा अर्थ कर्त्याच्या नावावर अवलंबून बदलतो. ग्रंथामागे पेत्राचा आवाज आहे असे मानले, तर हा प्रसंग पश्चात्तापदग्ध प्रेषिताचा आत्मकबुलीजबाब होतो. ते नाव बाजूला केले, की थिओडोर वीडन यांनी १९७१ मध्ये सुचवल्याप्रमाणे तो शिष्यांच्या अधिकाराविरुद्धचा वाद होऊ शकतो. एकाच परिच्छेदात एक वाचक भक्ती पाहतो आणि दुसरा वैर. दोघांचेही लक्ष ग्रंथाआधीच्या माणसावर, ग्रंथ कोणी सांगितला यावर खिळलेले आहे.

ग्रंथ कोणाला सांगितला, या दिशेने पाहिले तर तिसरा अर्थ समोर येतो. इ.स. ६४ मधील रोमच्या आगीनंतर नीरोने केलेल्या छळाचे वर्णन करताना टॅसिटस सांगतो, की आधी कबुली देणाऱ्यांना धरले गेले आणि मग त्यांनी दिलेल्या माहितीवरून मोठा समुदाय पकडला गेला. सीरियाकडील मंडळ्यांवर युद्धकाळात असेच प्रसंग ओढवतील, अशी भीती तेराव्या अध्यायातून व्यक्त होते. ज्या मंडळीत कोणी कबूल केले होते, कोणी नाकारले होते आणि कोणी आपल्या सोबत्यांची नावे सांगितली होती, त्या मंडळीत हा प्रसंग वाचला गेला असेल, तर तो पेत्राचे चरित्रही नव्हे आणि पेत्राची निंदाही नव्हे. नाकारणाऱ्यालाही परत येण्याची वाट आहे काय, हा त्या श्रोत्यांचा स्वतःचा प्रश्न आहे. रिकाम्या थडग्यातील तरुण स्त्रियांना निरोप देताना शिष्यांबरोबर पेत्राचे नाव वेगळे घेतो. गालीलात भेट होईल असे सांगतो. ती भेट ग्रंथात घडत नाही. निरोप ज्यांच्यावर सोपवला, त्या गप्प राहिल्या. तरीही वाचकाला तो निरोप कळला आहे. कथेतील कोणाहीपेक्षा त्याला अधिक माहीत आहे. आता बोलायचे की गप्प राहायचे, हा निर्णय त्याच्याकडे येतो. रोम की सीरिया, हा वाद न सुटताही प्रयोजनाचा हा अर्थ टिकतो, कारण दोन्ही ठिकाणी कबुली आणि नकार हाच जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

दीर्घ शेवटाने वाचकावरचा हा भार हलका केला. दर्शने घडली, आज्ञा मिळाली, शिष्य सर्वत्र गेले. वाचकाला करायचे काही उरले नाही. पेत्राच्या नावानेही तेच केले. साक्ष दिली जाऊन चुकली आणि आता ती जपायची एवढेच उरले. असे असले, तरी नाव आणि शेवट यांना प्रक्षिप्त म्हणून फेकून देणे हा उथळपणा ठरेल. मार्कचे बहुतांश द्रव्य मत्तयात सामावल्यानंतर हा लहान, ओबडधोबड ग्रंथ विस्मृतीत जाण्याचा संभव होता. पेत्राशी जोडलेल्या नावाने त्याला तारले असावे. ज्या नावाने त्याचा अर्थ बांधला, त्यानेच त्याची संहिता राखली. म्हणून ही भर संहितेच्या स्वीकृतीचा इतिहास म्हणून वाचायला हवी. फक्त तिला संहितेचा उगम समजू नये.

उगमाची ओढ अजून संपलेली नाही. २०१२ मध्ये मार्कचा पहिल्या शतकातील तुकडा सापडल्याचा जाहीर दावा झाला; २०१८ मध्ये तो ऑक्सिरिन्कसचा पपायरस प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा काळ दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ असा ठरला. तुकडा खरोखर पहिल्या शतकातला निघाला असता, तरी लिहिणारा कोण आणि शेवट कोठे, या प्रश्नांचे उत्तर पहिल्या अध्यायातील त्या मोजक्या ओळींतून मिळाले नसते. त्या अर्थाने ‘मार्ककृत’ या मराठी शीर्षकातील ‘कृत’ हे पद भाषांतरकाराची साधी सोय नव्हे. दुसऱ्या शतकापासून चालत आलेल्या ओढीचाच तो एक आविष्कार आहे. ‘मार्कानुसार’ म्हटले, की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : मार्कानुसार खरे, पण ते ऐकणाऱ्याचे काय? हा प्रश्न विचारला जावा, यासाठीच बहुधा तो ग्रंथ निनावी राहिला आणि भयाशी थांबला.